लाल टाका दाराकडे

नात : म्हणजे मावशीआजीच्या पत्राला तुम्ही अजून उत्तरच दिलं नाहीत?

आजोबा : लिहिलं की. बऱ्याचदा लिहिलं. टाकलं नाही, एवढंच.

नात : का पण?

आजोबा : जमलं नाही गं. तुझी आजी गेल्यावर तिच्या सख्ख्या बहिणीला पहिलंच पत्र, ते जरा तोलाचं नको? जन्मभर लोकांची प्रूफं तपासली, आता स्वतःचं एक वाक्य पास होईना.

नात : बघू तो खर्डा. ‘ती गेली आणि घराचे घरपण हरपले.’ अहो आजोबा, आजी पोट धरून हसली असती!

आजोबा : ‘वाळवीला शब्द गोड लागायला लागले वाटतं’, म्हणाली असती. वाळवीच म्हणायची मला. पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेलो की, ‘आली वाळवी, लाकडी चमचे उचला.’

नात : आणि मावशीआजीनं विचारलंय काय? वाचा तरी.

आजोबा : ‘भाऊजी, चादर मध्ये विरली की ताई ती उभी फाडायची आणि दोन्ही कडा मध्ये घेऊन शिवायची. मीही तशीच शिवते. पण मधली शिवण यांना टोचते, रोज सकाळी तोंड फुगलेलं. तुम्हाला ताईची कधी टोचली नाही, असं तुम्हीच सांगत होतात. ती काय करायची, तेवढं कळवा.’

नात : बाई चादरीचं विचारतेय आणि तुम्ही तिला घरपण पाठवताय?

आजोबा : मग काय, पत्रात नुसती चादर लिहू?

नात : का नको? आजीचे हात जन्मभर त्यातच होते. फोन करावा तर मावशीआजीला ऐकू येत नाही. परवा तिचा मुलगा म्हणाला, ‘आई म्हणते, ताई गेली, भाऊजींनी नातंही तोडलं.’

आजोबा : असं म्हणाली ती?

नात : म्हणाली. तेव्हा आज पत्र पेटीत पडल्याशिवाय मी इथून हलायची नाही. कुठायत चादरी?

आजोबा : खालच्या खणात. अंहं, मधली ओढू नकोस! वरची घ्यायची, धुतलेली तळाशी घालायची. म्हणजे सगळ्यांना सारखी पाळी येते.

नात : आजीचा कायदा अजून चालू?

आजोबा : मोडायचा कशाला? चांगला चाललाय.

नात : ही बघा. किनारीला किनार लावून हातानं घातलेले बारीक टाके. छानच. पण शिवण हाताला लागतेच की.

आजोबा : लागते? मला तर एकदाच टोचली होती, लग्नानंतर लगेच. मी म्हटलं, रात्रभर पाठीत काहीतरी रुतत होतं. ती ‘बरं’ म्हणाली. पुढे कधी टोचली नाही. मला वाटलं, सवय झाली.

नात : धरा ते टोक, पलंगावर घालून बघू.

आजोबा : असं नाही, फिरव. कोपऱ्यातला लाल टाका दाराकडे हवा. मी एकदा उलटी घातली होती, तर मला उठवून बदलायला लावली तिनं.

नात : आजोबा, ही शिवण मधोमध नाहीये.

आजोबा : शक्यच नाही. तिची कात्री कधी केसभर हलली नाही.

नात : मग वीत लावा.

आजोबा : वीतभर सरकलीय खरी. दुसरी काढ बरं.

नात : हीसुद्धा. तेवढीच, त्याच बाजूला. तुम्ही कुठे झोपता?

आजोबा : खिडकीकडे. वाचायला उजेड असतो. ती दाराकडे झोपायची, पहाटे उठून जायला सोपं म्हणून.

नात : शिवण दाराकडे आहे.

(आजोबा चादरीवरून तळवा फिरवत राहतात.)

नात : रडायचं नाही हं.

आजोबा : रडतंय कोण? चिडलोय. एका शब्दानं बोलली असती तर?

नात : तर तुम्ही मोठेपणानं ती बाजू घेतली असतीत आणि रोज सकाळी कुरकुरला असतात.

आजोबा : तेही खरंच. ओळखून होती मला.

नात : पण आता लिहिणार काय? खरं कळलं तर मावशीआजी उद्यापासून शिवणीवर झोपेल.

आजोबा : कागद आण. आणि लिहीपर्यंत मध्ये बोलू नकोस.

नात : झालंसुद्धा? वाचा ना.

आजोबा : ‘प्रिय धाकटीस, चादर बरोबर मधोमध फाडू नये, वीतभर बाजूला फाडावी. म्हणजे शिवण एकाच्याच बाजूला जाते. तुझ्या ताईनं ती जन्मभर स्वतःच्या अंगाखाली घेतली. मला आज कळलं. तू मात्र तसं करायचं नाहीस. कोपऱ्यात लाल टाका घाल आणि दर धुण्याला चादर फिरव. एकदा तू, एकदा ते. त्यांचं तोंड फुगलं तर मी येऊन समजावतो. येणारच आहे. तुझे भाऊजी.’

नात : प्रूफ तपासायचं नाही?

आजोबा : नाही. चप्पल घाल, पेटी उघडायला माणूस येईल आता.

नात : हळू! धापा टाकताय. आत गेलं का नीट?

आजोबा : गेलं. पडल्याचा आवाज आला.

नात : चला, आज तुम्हाला शांत झोप लागेल.

आजोबा : बघू. आज दाराकडच्या बाजूला झोपणार आहे.