अध्यक्षांच्या मापाचं हेल्मेट

हो, हेच ते — दुसरं कुठलं असणार, हेच. घ्या ना हातात, बघा. आता तुम्ही म्हणता कोरं दिसतंय, तर मी काय सांगू बाई, नवरा माझा, फिदेन्सिओ, रोज घालून जातो, पंधरा दिवस झाले, युनियनच्या लीडर दामासोंनी सांगितलं तस्संच — कामावर घाल, घाम मुरू दे, सिमेंट उडू दे, चार ओरखडे पडू दे, परवा क्रूसाच्या सणाला अध्यक्षांच्या डोक्यावर चढवायचंय, कोरं घातलं की फोटोत माणूस पाहुण्यासारखा दिसतो. आणि आमच्याच घरी का, तर फिदेन्सिओचं नि अध्यक्षांचं डोकं एका मापाचं. सगळ्या गवंड्यांना ओळीत उभं करून दोरीनं मोजलं म्हणे. अध्यक्षांचं माप लीडरांकडे कुठून आलं ते मी काही विचारलं नाही, आपण कशाला विचारायचं. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा आहे, पलंगावर बसा. तुम्ही अध्यक्षांच्या कचेरीतून आलात म्हणालात, की युनियनकडून? नाही, गळ्यातलं कार्ड दिसलं मला. पण कार्डाचं काय, मागे मीटर बघायला एक आला होता, त्याच्याही गळ्यात कार्ड होतं, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतली अर्धी तार गायब. तुम्ही तशा नाही वाटत. तुमचे बूट चांगले आहेत. पण चांगल्या बुटांनी या चढावर चालत कोणी येत नाही, म्हणून विचारलं. खाली पांढरी गाडी उभी आहे ती तुमची का? काल पण होती. — अच्छा, काल नव्हता आलात. मग असेल कोणाची.

अहो राहू द्या तिला, ब्लाउजला लाळ लागेल तुमच्या — बघा, गेली. एरवी परक्याकडे जात नाही हो ही, सासू आली तरी भोकाड पसरते. यारेत्सी नाव. अकरा महिन्यांची. कान लावा तिच्या पाठीला, ऐकू येते ना घरघर? थंडी पडली की वाढते, आणि पावडर उडाली की वाढते, आणि गवंड्याच्या घरात पावडर उडणार नाही तर काय गुलाबजल? त्याचे कपडे मी बाहेरच झटकते, तरी. विम्याच्या दवाखान्यात वाफेचं मशीन आहे, तिथे नेलं तर दोन तासांत पोर खेळायला लागते, पण विम्याचं कार्ड नसेल तर दारातला शिपाई आत सोडत नाही. फिदेन्सिओ नऊ वर्षं बांधकामावर आहे बाई, चुना भिजवण्यापासून सुरुवात केली, मग अर्धी थापी, म्हणजे अर्धा गवंडी झाला, आता पूर्ण गवंडी, भिंत अशी उचलतो की वरून पाण्याचा थेंब सोडा, सरळ खाली येईल — पण कार्ड नाही. निवडणुकीच्या आधी अध्यक्ष आले होते ना युनियनच्या हॉलमध्ये, उभ्या उभ्या ताको खाल्ले, बोटं चाटली, लीडरांच्या गळ्यात हात टाकून म्हणाले, एकही गवंडी विम्याविना राहणार नाही. आम्ही सगळ्यांनी मतं दिली. मी पण. दिलं म्हणून सांगतेय, मनात काही नाही. लीडरांची गाडी त्यानंतर दोनदा बदलली, कार्ड तेवढं यायचं आहे. आता लीडर म्हणालेत, परवाचा कार्यक्रम नीट पार पडू दे, फिदेन्सिओचा कागद मी स्वतः पुढे सरकवतो. म्हणजे बघा, या पोरीचा श्वास त्या हेल्मेटात अडकलाय म्हणा ना.

कोणतं? ते खिळ्यावरचं? ते जुनं आहे. ते फिदेन्सिओचं. — हो, फिदेन्सिओ आता कामावर गेलाय. — हो, हेल्मेट घालूनच गेलाय. मग ते दुसरं जुनं. घरात असतं एखादं. टोमॅटो ठेवायला. नका ना काढू बाई ते, खिळा सैल आहे, भिंतीचा गिलावा पडेल — गवंड्याच्या घराचाच गिलावा नेहमी पडका, हसा तुम्ही. घ्या, काढलंतच. आतला मासा होय, तो निळ्या रंगानं काढलाय, ज्याची त्याची खूण असते, नाहीतर चाळीस पिवळी हेल्मेटं, कोणाचं कुठलं कळणार कसं. फिदेन्सिओची खूण जिना आहे. — नाही, मासा नाही, जिना. बरं, मासा फिदेन्सिओचा नाही. झालं?

तुम्ही अशा बघू नका हो, असं कोणी बघितलं की माझी जीभ घसरते. कॉफी घ्या, दालचिनी जास्त पडली का? झोपली वाटतं. बघा तुमच्या खांद्यावर कशी मान टाकली. तुम्हाला आहे का लेकरू? — मुलगा. कितीचा? — मग तुम्हाला कळेल. तुम्ही काही लिहू नका, नुसतं ऐका, आई म्हणून ऐका. ते हेल्मेट पोरीच्या धर्मबापाचं आहे. नाव मी घेत नाही, लीडरांनी सांगितलंय नाव घ्यायचं नाही, कारण ते नाव कुठल्याच यादीत नाही, असा माणूस आमच्या साइटवर कधी नव्हताच. आता नव्हता म्हणावं तर यारेत्सीच्या बारशाला चर्चमध्ये हिला हातावर कोणी घेतलं होतं, भुतानं? तळ्याकाठच्या गावचा होता, म्हणून मासा. फिदेन्सिओ नि तो एकाच परांचीवर, सहा वर्षं, एकाच डब्यातले बीन्स खायचे, आणि दोघंही एकमेकांच्या बायकांच्या हाताला नावं ठेवायचे.

फेब्रुवारीत अध्यक्षांची सभा होती ना चौकात, ती मोठी. सभेला हजेरी लागते, तुम्हाला माहीतच असेल, टोपी, तोर्ता म्हणजे तो भरलेला पाव, नि ज्यूसचा डबा देतात, आणि नाही गेलं तर तीन दिवस कामावर घेत नाहीत. पण त्या दिवशी स्लॅबचं काम होतं, इंजिनियर म्हणाला माणसं सोडणार नाही. मग लीडरांनी काय केलं, माणसं ठेवली नि हेल्मेटं नेली. खरंच सांगते. दोन पोत्यांत भरून, चाळीस हेल्मेटं. पुढच्या रांगांना कोण होते देव जाणे, भाजीबाजारातले हमाल म्हणे, त्यांच्या डोक्यावर चढवली, टीव्हीवर बघा, अध्यक्षांसमोर सगळं पिवळं पिवळं, बांधकाम कामगार अध्यक्षांच्या पाठीशी. आणि आमची माणसं इकडे उघड्या डोक्यानं. मी टीव्ही बघत होते बाई, पोरीला पाजत होते, आणि मला हसू आलं, म्हटलं बघा तरी किती गवंडी. त्याच वेळी तिकडे वरून नळी सुटली. परांचीची नळी, हाताएवढी जाड, सरळ पोरीच्या धर्मबापाच्या डोक्यात. फिदेन्सिओ दोन पावलं अलीकडे होता. दोनच. दुपारी घरी आला तो पायऱ्या मोजल्यासारखा आला, पोरीला उचललं नि तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला, अंधार पडेपर्यंत काढला नाही. हेल्मेटांची पोती तिसऱ्या दिवशी परत आली. त्यात मासा होता. आतल्या पट्टीला कोणाचं तरी तेल लागलं होतं, सुगंधी.

चायो, म्हणजे त्या धर्मबापाची बायको, तिला लीडर म्हणाले हा माणूस काम मागायला आला होता, फाटकातून आत घुसला, आमचा नव्हे. तीन वेळा साइटवर गेली ती. तिसऱ्यांदा पहारेकऱ्यानं कुत्रं सोडलं.

आता तुम्हाला कळलं ना. नाही कळलं? अहो, फिदेन्सिओच्या डोक्यात आहे ते सांगतेय मी, जिभेला हाड नाही माझ्या. परवा सणाला बांधकामावर क्रूस उभारतात ना, वर सातव्या मजल्यावर — दरवर्षी सगळ्यात म्हातारा गवंडी चढवतो, यंदा अध्यक्ष चढवणार. फिदेन्सिओनं हेल्मेट पुढे करायचं, अध्यक्षांनी घालायचं, फोटो निघायचे. तर तो नवं देणारच नाही. म्हणून तर कोरं राहिलंय, पंधरा दिवसांत एकदा घातलं नाही. माशाचं देणार. आणि फोटो निघाले की पेपरवाल्यांसमोर म्हणणार, साहेब, आत मासा आहे, तो कोणाचा ते लीडरांना विचारा. बस. एवढंच वाक्य. रोज आंघोळ करताना घोकतो, मला पडद्यामागून ऐकू येतं. मी भांडले, रडले, पोरीला त्याच्या मांडीवर आदळलं, म्हटलं मेलेल्याला न्याय नि जित्या पोरीला काय? तर म्हणतो, उद्या नळी माझ्यावर पडली तर मी पण कधी नव्हतोच.

म्हणून तुमच्या पाया पडते बाई, हे नवं आत्ताच घेऊन जा. तुम्ही आलात, तपासलं, ताब्यात घेतलं, परवा अध्यक्षांना परस्पर तुम्हीच द्याल. सुरक्षेचं कारण सांगा. मग त्याच्या हातात काही राहणारच नाही, वाक्य तोंडातच राहील. कोरं दिसतंय ना? थांबा, आणा इकडे, मी घासून देते, धुण्याच्या दगडावर — असं — वाळू टाकली की बघा कसे ओरखडे येतात — फिदेन्सिओचं काही लिहू नका, फक्त हेल्मेट मिळालं म्हणून लिहा. इथे कडेला चुना चोळते. पाच मिनिटांत नऊ वर्षांचं करून देते तुम्हाला. हे मी केलं त्याला कळलं तर तो माझं तोंड बघायचा नाही, पण पोर तर श्वास घेईल. लीडर नि अध्यक्ष यांचं जे काय असेल ते त्यांचं, फिदेन्सिओ म्हणतो दोघं एकमेकांच्या परांच्या आहेत, एक उतरला की दुसरा पडतो, म्हणून दोघंही उतरत नाहीत. पडू देत नाहीतर राहू देत. बघा, आता चकाकी गेली. — हो, चायो माहेरी असते आता, तळ्याकडे. का? — चांगलं आहे की, मदत होणार असेल तर. काय म्हणालात?

पुन्हा म्हणा बरं.

नाबोर. हो. नाबोरची बायको, असं म्हणालात तुम्ही.

मी ते नाव घेतलं नाही. तुम्ही बसल्यापासून एकदाही नाही घेतलं, जीभ घसरली सगळीकडे पण तिथे नाही घसरली, चायोला तसा शब्द दिलाय. हेल्मेटात मासा आहे, नाव नाही. आणि लीडर म्हणतात कुठल्याच कागदावर नाही.

मग तुम्ही कुठल्या कागदावर वाचलंत, बाई?

नाही, राहू द्या, आता सांगू नका. म्हणजे आहे कुठेतरी. अध्यक्षांच्या कचेरीत आहे. चायो कुत्र्यापुढून पळाली त्या दिवशी पण होतं, आणि परवा लीडरांच्या गळ्यात हात टाकतील त्या दिवशी पण असेल. तुम्ही हेल्मेट बघायला नाही आलात. तुम्ही बघायला आलात, या घरात नाव कोणाच्या तोंडात आहे का.

पोर द्या इकडे. हळू, मान धरा. ते नवं नका उचलू, ते इथेच राहील, त्यात मी टोमॅटो ठेवीन. आणि माशाचं खिळ्यावर लावा, जिथून काढलंत तिथे. परवा काय न्यायचं ते फिदेन्सिओ नेईल, आणि त्याचं वाक्य विसरला तर खाली गर्दीत मी असेन, मला आता त्याच्यापेक्षा चांगलं पाठ आहे.

कॉफी राहिली तर राहू द्या. दार ओढू नका जाताना. कोण आलं होतं ते गल्लीला दिसलेलं बरं.