बेटासाठी दुसरं माणूस

—नाही, नाही, ते पोतं सोडू नका इतक्यात. बटाटे घेईन मी परत, त्याचं काही नाही, पण आधी मला नीट सांगा, तुमची ती मैत्रीण नक्की पळाली? सकाळच्या बसनं? वारं बघून? बघा! कालच म्हटलं मी क्लाइव्हला — क्लाइव्ह म्हणजे माझा नवरा, आहे मागच्या खोलीत, त्याला हवं तेवढंच ऐकू येतं — म्हटलं, त्या दोघींतली रेशमी रुमालवाली काही टिकायची नाही. धक्क्यावर उभी राहून गार्थला विचारत होती, बेटावर कॉफीचं यंत्र आहे का! गार्थ बिचारा बोटीवाला माणूस, त्याला वाटलं इंजिनाचंच काहीतरी विचारतेय. आता झालं ना? आणि त्या दीपगृहाच्या समितीचा नियम तर तुम्हाला ठाऊकच आहे — एकट्या माणसाला कोल्टर बेटावर सोडत नाहीत, दोघं म्हणजे दोघंच. उद्या वारं पडलं की बोट सुटणार, तोवर दुसरं माणूस मिळालं तर ठीक, नाहीतर होबार्टचं ते राखीव जोडपं जाणार तुमच्या जागी, आणि तुम्ही आपल्या अ‍ॅडलेडला परत. बसा. त्या पेटीवर बसा, फोन इथंच लागतो, अख्ख्या खाडीत दुसरीकडं कुठं रेंज नाही. करा फोन. मी नाही ऐकत.

खरं सांगू? सुटलात तुम्ही. रागावू नका, मी तोंडावर बोलते, मॉइरा पायबसनं पाठीमागं कुणाचं काही काढलं असं इथं कुणी म्हणणार नाही. दीपगृहाची राखण करायला निघालात म्हणे! कसली राखण? दिवा उन्हावर चालतो, आपला आपण लागतो, आपला आपण विझतो, एवढासा डबा आहे तो — पावाचा डबा त्याहून मोठा असतो. त्याला तुमची गरज नाही. तुम्ही जाता ते गवत कापायला. सहा महिने नुसतं गवत! या टोकापासून कापत कापत त्या टोकाला पोचावं, तर हे टोक पुन्हा गुडघ्याएवढं. मग पन्हळी साफ करा, मग रोज सकाळी वारं किती, पाऊस किती ते वायरलेसवर सांगा. आमच्या धक्क्यावर तुम्हा लोकांना गवतकापे म्हणतात, माहीत आहे? तोंडावर नाही म्हणत. तोंडावर सगळे 'राखणदार साहेब' नि 'राखणदार बाई', आणि बोट लांब गेली की हसतात. मी नाही हसत. म्हणजे — हसते. पण मला हक्क आहे तो.

कसला हक्क म्हणजे? जन्मलेय मी तिथं! वडील राखणदार होते, पगारी, टोपीवाले. तेव्हा दिवा तेलाचा होता, रात्री कुणीतरी जागं राहायचंच. तुमच्या त्या उत्तरेच्या बेटावर — आम्ही टास्मानियावाले तुमच्या ऑस्ट्रेलियाला तसंच म्हणतो, सवय करून घ्या — तिथं लोकांना वाटतं, दीपगृह म्हणजे एक खुर्ची, एक पुस्तक आणि समोर मावळता सूर्य. तुम्ही काय लिहिलंय अर्जात? सांगा ना. शांतता? हां! सगळे तेच लिहितात. मागच्या खेपेला एक वकील होता, त्यालाही शांतताच हवी होती, महिन्याभरात वायरलेसवर रडत होता. अहो, शांतता कुठली आलीय तिथं? पश्चिमेचं वारं एकदा सुरू झालं की घराचा खिळा नि खिळा बोलायला लागतो. संध्याकाळी मटनबर्ड उतरतात, ते काळे समुद्रपक्षी, हजारांनी, बिळात शिरतात आणि तान्ह्या पोरांसारखे रडत बसतात. नसतो तो फक्त माणसाचा आवाज. माझी आई कोंबड्यांशी बोलायची. दिवसदिवस. वडील दिवसा झोपलेले, मग ती बोलणार कुणाशी? मी बोलायला लागले तेव्हा तिला काय आनंद झाला असेल! आणि वाऱ्याच्या वर आवाज काढायचा तर असाच निघतो — तुम्ही सारख्या मागं मागं सरकताय, दिसतंय मला. आवाज मोठा आहे माझा. भांडत नाहीये मी.

लागला का? बहीण काय म्हणते? नातवंडं आहेत. हो, नातवंडं असतातच, नेमकी अशा वेळी असतात. दुसऱ्या कुणाला करून बघा. शाळेतली कुणी? तुम्ही शिकवायचात ना? करा, करा.

बरं, मला एक सांगा, तुम्हाला पडद्यांचं शिकवलं का? त्या दोन दिवसांच्या शिकवणीत? वर दिव्याच्या खोलीत जे पडदे आहेत, ते दिवसा ओढून का ठेवायचे? … भिंगावर धूळ बसू नये म्हणून? बाई गं! धूळ! कुणी सांगितलं हे, त्या टाय लावलेल्या पोरग्यानं? आता ऐका. दिवा बदलला, पण जुनं भिंग अजून वरच आहे, माणसाहून उंच. रात्री आतला उजेड समुद्रावर फेकायचं त्याचं काम. दिवसा ते उलटं वागतं — बाहेरचं ऊन आत ओढतं आणि एका जागी गोळा करतं. पडदा उघडा राहिला की काहीतरी पेटलंच म्हणून समजा. म्हणून सूर्य वर यायच्या आत पडदे बंद. आमच्या घरी ते काम माझं होतं. वडील खालून ओरडायचे, "मॉइरा, झाकलंस का त्याला?" — भिंगाला आम्ही 'तो' म्हणायचो, घरातलंच माणूस असल्यासारखं. आणि तुमचे गवतकापे! तो सिडनीचा दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको — भर दुपारी पडदे उघडले, का, तर फोटो चांगला येतो! काढले फोटो आणि खाली गेले चहा प्यायला. वरचं लाकडी कपाट पेटलं. वायरलेसवर काय म्हणतो, "बहुतेक वीज पडली." निरभ्र आभाळात! मी इथून ओरडले त्याच्यावर, "पडदा ओढ, मूर्खा, पडदा!" समितीला ते आवडलं नाही. वायरलेसवर शिव्या दिल्या म्हणाले. मूर्ख ही काय शिवी आहे?

काय? मी कशाला ऐकत होते? अहो, दुकानात असतोच सेट चालू. रोज सकाळी बेटाचं हवामान सांगतात ना, ते कानावर पडतं. रोज म्हणजे — हो, रोज. दुकान त्यासाठीच लवकर उघडते, झालं समाधान? आणि त्या आगीनंतर नवे पडदे शिवले कुणी? समितीनं? मी शिवले. आईच्या मापानं, दुहेरी कापडाचे, खाली शिसं घालून, म्हणजे वाऱ्यानं हलत नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं. वर नेऊन लावले मात्र त्या वकिलानं, तेही उलटे, शिवण बाहेर करून. फोटोत बघितलं मी.

तिसरीही नाही म्हणाली? बरं. ठेवा तो फोन जरा खाली.

आता असं आहे, बाई. ज्याची डॉक्टरी तपासणी झालीय, प्रथमोपचाराची परीक्षा झालीय, असं कुणी असेल तर समिती आयत्या वेळीसुद्धा हो म्हणते. गार्थनं माणूस ओळखीचं आहे म्हटलं की झालं. आणि तसं एक माणूस आहे. इथंच आहे. अशा बघू नका, माझे गुडघे तुमच्यापेक्षा बरे आहेत! दरवर्षी करते मी ती तपासणी. दरवर्षी अर्ज भरते. मग जोडीदाराचं नाव लिहायची जागा येते. आमच्या पोस्टातली नेरिडा हो म्हणाली होती — पाठीचं दुखणं निघालं तिचं, आणि तीच पाठ घेऊन न्यूझीलंडला डोंगर चढायला गेली! माझी चुलतबहीण म्हणाली, पुढच्या वर्षी. कुठल्या वर्षाच्या पुढच्या, ते विचारायचं राहिलं. आणि क्लाइव्ह — पबमध्ये, सगळ्यांच्या देखत — "सहा महिने? हिच्याबरोबर? इथं निदान उठून पबमध्ये तरी येता येतं!" सगळा पब हसला. मीही हसले. हसायचं नाही तर काय करायचं, सांगा? लोकांना कष्ट नको असतात, दुसरं काय. दुसरं काय कारण असणार?

मला जायचंय हो. चेष्टा राहू दे. लग्न करून इकडं आले ती एकदाही परत गेले नाही. इथून टोकावर उभं राहिलं की बेट दिसतं, तेवढंच. एकदा त्या पायऱ्या चढून सकाळी पडदा ओढायचाय मला, आणि खाली येऊन आईच्या चुलीपाशी चहा प्यायचाय. बॅग भरलेली आहे, ही काय, काउंटरखाली. तुमच्यासाठी नाही भरली, भरलेलीच असते.

मोठी खोली तुम्ही घ्या. गवत मी कापेन, सगळं मीच कापेन, तुम्ही वाचा, बसा, काय तुमची ती शांतता करायची ती करा. आणि मी बोलणार नाही. म्हणजे जेवताना थोडं. तेही नको असेल तर बाहेर जाऊन बोलेन, कोंबड्या नेऊ दोन बरोबर. वाऱ्यात काही ऐकू येणार नाही तुम्हाला. सहा महिने म्हणजे काय, बघता बघता—

काय?

नाही, ऐकलं. 'त्या होबार्टच्या जोडप्यालाच जाऊ दे.' म्हणजे तुम्ही स्वतःचंही जाणं सोडता, पण—

नाही नाही, समजावू नका. 'तुमच्याबद्दल काही नाही' वगैरे नका सांगू, वयाला शोभत नाही ते. मी आपलं सहज म्हटलं. गवत कापायला कोण जातंय? मला दुकान आहे.

बसला अवकाश असेल, पण बाहेर उभ्या राहा. थांब्यावर आडोसा आहे. दार ओढून घ्या. जोरात ओढा, त्याशिवाय लागत नाही ते.

… काय रे क्लाइव्ह? कुठं काय, कुणाशी बोलणार मी! गिऱ्हाईक होतं. गेलं.