चौदा पत्रांच्या कडा

पंढरी: हात पुसू नको, तशीच धर. वल्या हातानं धरलास तरी काय होनार नाय. थांब, पानी वतून दाखवू?

नमिता: बाबा, तांब्या खाली ठेवा! हे काय आहे?

पंढरी: वलख.

नमिता: ही... ही तळवलीच्या खैरुन्निसाचाचींची पत्रं आहेत. माझ्या कपाटात होती. फाइलमध्ये.

पंढरी: होती! आता बग कशी झाली, आरशासारकी. सगली चौदा. तुर्भ्याला तो रूपेश हाय ना, त्यानं नवीन मशीन आनलाय लॅमिनेशनचा. येका तासात काम खलास.

नमिता: कोणी सांगितलं होतं तुम्हाला?

पंढरी: कोन सांगनार? मना डोलं हायेत ना? सोमवारी तुजा तो इंटरव्ह्यू, दिल्लीच्या ट्रेनिंगचा. आख्ख्या वर्गातनं येकच जागा. आनि तू त्या साहेबलोकांपुढं ही कालवंडलेली, कुरतडलेली पत्रं मांडनार? लोक बोलतील, घनसोलीवरनं आलीय, रद्दी घेऊन आलीय.

नमिता: कुरतडलेलीच दाखवायची होती, बाबा! एखाद्या घरातले जुने कागद कसे सांभाळले, कशी यादी केली, तेच तर बघणार आहेत ते. तुम्ही... अहो, त्या मशीनमध्ये ते भाजतात. प्लास्टिक वितळून कागदात शिरतं. आता ते निघणार नाही. कधीच नाही.

पंढरी: काढायचा कशाला? टिकावा म्हनून तर घातला!

नमिता: पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं होतं. जे परत काढता येणार नाही, ते कागदाला लावायचं नाही. बस. जुने कागद जपायचा दोन वर्षांचा कोर्स तेवढ्यावर चाललाय आमचा.

पंढरी: तुज्या मॅडमनी वालवी बगितलीय का कदी? तुज्या आज्याचा जमिनीचा कागद वालवीनं खाल्ला. जमीन शहराला गेली, मोबदल्याला गेलो, तर साहेब बोलला, कागद नाय तर तू कोन? सात वर्सं मी कोन ते सिद्द करत फिरलो. तवापासनं या घरातला येकयेक कागद प्लास्टिकात हाय. माजा दाखला, आयचा दाखला, तुजी दहावी. काय वाईट झाला?

नमिता: ते आपले होते. हे दुसऱ्याचे आहेत.

पंढरी: दुसऱ्याचे म्हनून तर जास्त जपले!

नमिता: बाबा, एक मिनिट. हे लहान का दिसतंय?

पंढरी: कुठं लहान?

नमिता: हे. आणि हे पण. सगळी एका मापाची कशी झाली?

पंढरी: अग, कडा वाकड्यातिकड्या होत्या. पाकिटात बसत नव्हत्या. रूपेशनं कटरवर सरल करून घेतल्या. बोटबोटभर. मदला सगला जसाच्या तसा हाय, येक अक्षर नाय गेला.

नमिता: कडेला लिहिलं होतं!

पंढरी: ते उभाआडवा? मना वाटला, कोनी पेन चालतो का बगितला.

नमिता: तुकडे कुठे आहेत? चला, आत्ताच्या आत्ता तुर्भ्याला. शोधू, कचरा उलटा करू...

पंढरी: नमे.

नमिता: लुना काढा ना!

पंढरी: नमे, नाय ते तिकडं. परवा सकालची थंडी होती. रूपेशनं दुकानामागं कचरा पेटवला. मीपन उबा होतो. मी हात शेकले त्याच्यावर. अशी बगू नको माज्याकडं.

नमिता: चाचींची सही लागणार आहे. छापील फॉर्म आहे. ‘कागद जसे दिले तसे परत मिळाले.’ मालकाची सही नसेल तर इंटरव्ह्यूला बसताच येत नाही.

पंढरी: मंग घे की सही. त्या म्हातारीला काय कलनार? खूशच होईल बगून.

नमिता: बाबा, पावती माझ्या हातची आहे. चौदा पत्रं मी मोजून घेतली होती.

पंढरी: मी येतो. चूक माजी हाय, मी सांगतो.

(तळवली. खैरुन्निसाचाचींच्या घरी चटईवर चौदा पत्रं मांडलेली. पुढ्यात आलेल्या सरबताला नमिताने हात लावलेला नाही.)

खैरुन्निसा: या अल्ला! किती चकचकीत! पंढरीभाऊ, तुमी केलं हे? माझ्या पोराला, तबरेजला पन नाही सुचलं इतक्या वर्षांत. ट्रंक उघडली की धाकधूक व्हायची, आज कोनता कोपरा गळला असेल.

पंढरी: बगितलास, नमे? मी काय बोललो होतो?

खैरुन्निसा: आन बेटी तो फॉर्म. कुठं करायची सही? हितं?

नमिता: चाची, थांबा. सही करू नका.

खैरुन्निसा: का गं? शाई आहे पेनात.

नमिता: आधी एखादं पत्र हातात घ्या. नीट बघा.

खैरुन्निसा: चष्मा दे तो. हां. हे चौथं. आता हे असं फिरवायचं, मग... हे काय? परत फिरवते. नमिता, कडेचं कुठं गेलं?

नमिता: कापलं गेलं, चाची. मशीनमध्ये बसत नव्हतं म्हणून.

खैरुन्निसा: सगळ्यांचं?

नमिता: सगळ्यांचं.

खैरुन्निसा: मग ते तुकडे दे. मी डब्यात ठेवीन.

पंढरी: भाभी, ते जलले. कचऱ्यात जलले. माज्यासमोर. मना वाचता येत नाय तुमची भाषा, मना वाटला... मी अडानी मानूस, भाभी.

खैरुन्निसा: मधलं तर अब्बांनी आईला लिहिलेलं हो. म्हैस व्याली का, कौलं शाकारली का, मामूला सलाम सांग. आई शेजारच्या मौलवीसाबांकडनं वाचून घ्यायची, सगळा मोहल्ला ऐकायचा. अब्बा जहाजावर, इंजिनखोलीत. कागद पुरायचा नाही. मधलं लिहून झालं की उरलेल्या कडेनं माझ्यासाठी लिहायचे. चारी बाजूंनी. मी कागद गोल फिरवत फिरवत वाचायची. ते कुनी ऐकायचं नाही, फक्त माझं.

नमिता: चाची...

खैरुन्निसा: सगळं मिळून तीनदाच घरी आले अब्बा. चौथ्यांदा ते नाही, नुसती त्यांची पेटी आली. आवाज कसा होता, विचारशील तर नाही सांगता येनार मला. ते कडेचं तेवढं माझं होतं.

पंढरी: मना चपलेनं मारा.

खैरुन्निसा: थांबा, थांबा. नमिता, तू यादी केली होतीस ना? पत्रं नेताना म्हनालीस, एकेक कागद लिहून ठेवते, हरवलं तरी यादीत राहील. त्यात असेल की! वाच. चौथ्याचं वाच. खाली का बघतेस? आनली नाहीस का?

नमिता: आणलीय. पत्र चौथं. भाषा उर्दू. निळी शाई. उजवा कोपरा फाटलेला. कडेला... कडेला किरकोळ मजकूर.

खैरुन्निसा: किरकोळ?

नमिता: मला उर्दू येत नाही. तुमच्याशेजारी बसून विचारायचं होतं. पण यादी वेळेत द्यायची होती, म्हणून मी... चौदाही पत्रांपुढे तेच लिहिलंय. बाबांनी कापायच्या आधी मीच कापलं होतं, चाची.

खैरुन्निसा: रडू नको. पंढरीभाऊ, तिला सरबत द्या. आन तो फॉर्म इकडं. सही करते. एकच जागा आहे म्हनालीस.

नमिता: त्यावर लिहिलंय, जसे दिले तसे मिळाले.

खैरुन्निसा: असू दे लिहिलेलं.

नमिता: तसे नाही मिळाले. सोमवारी मी ही पत्रं अशीच पुढे ठेवणार आणि सगळं सांगणार. यादीचंसुद्धा. बसू दिलं तर दिलं.

पंढरी: नमे, दिल्ली जाईल हातची.

नमिता: जाऊ द्या, बाबा. चाची, तुम्ही सांगाल? जेवढं आठवतंय तेवढं. मी लिहून घेते, तुमच्याच शब्दांत. आधी चौथं.

खैरुन्निसा: चौथं ना, चौथं मला चांगलं याद आहे. लिही. ‘खैरू, आज गोदीवर हत्ती उतरवला. पोटाला पट्टा बांधून क्रेननं उचलला. चारी पाय हवेत, पन रडला नाही. तुझा दात पडला म्हने. तू पन रडू नको. मी येताना तुझ्यासाठी...’

नमिता: येताना काय, चाची?

खैरुन्निसा: थांब हां. ‘मी येताना तुझ्यासाठी...’

नमिता: सावकाश आठवा. घाई नाही.

खैरुन्निसा: रोज वाचायची गं मी. पाठ करायची कधी गरजच पडली नाही.