मुक्या पडद्यावर बोलणारे शंभूराव

मंडळी, एक विचारतो. ज्या कामाचा आवाज कुणाच्या कानावर पडणारच नाही, ते मन लावून करायचं, की उरकून टाकायचं? लगेच माना हलवू नका, आधी ऐका!

कोल्हापुरात शंभूराव हिर्लेकर नावाचे नट होते. संगीत नाटकात वीस वर्षं गाजले. पुढं गळा बसला, आणि नाटक कंपनीनं हातात नारळ दिला. मग ते सिनेमात गेले. सिनेमा तेव्हा मुका — ओठ हलायचे, आवाज नाही! त्यामुळं नटमंडळी काय करायची? चेहरा रडका, आणि तोंडानं चाललंय — काल मटण फार तिखट झालं होतं! हसताय? आरतीला उभं राहून तुमच्या मनात काय शिजतं, ते काढू बाहेर?

शंभूराव मात्र संवाद लिहून काढायचे, पाठ करायचे, आणि उरलेल्या आवाजात शब्द न् शब्द म्हणायचे. त्यात वेळ जायचा, फिल्म संपायची. मालक बापूसाहेब वैतागले. म्हणाले, उद्या बोललात तर परवा येऊ नका. घरात खाणारी सहा तोंडं! शंभूरावांना रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी चित्रातल्या लेकीला सासरी धाडायचा प्रसंग होता. उभे राहिले — आणि अख्खा संवाद म्हणाले! नोकरी गेली. प्रसंग तेवढा चित्रात राहिला, कारण पुन्हा घ्यायला फिल्मच उरली नव्हती.

चित्र लागलं. तांबट आळीतल्या गोदाक्का रोज यायच्या. लहानपणी तापात त्यांचे कान गेलेले. समोरच्याचं बोलणं त्या ओठांवरून ओळखायच्या. सगळं थेटर रडायचं तिथं ही बाई हसायची, आणि शंभूराव दिसले की पदर डोळ्याला! बापूसाहेबांनी समोर उभं राहून कारण विचारलं.

"राजा मरताना मटनाचं बोलतोय, हसू न्हाई तर काय करू?" गोदाक्का म्हणाल्या. "पर ह्यो बाप खरं बोलतोय. पोरी, तिथं तुझं कुणी ऐकलं न्हाई तर माझ्याकडं ये, म्हणतोय. मला सासरी धाडताना असं कुणी म्हणलं न्हाई."

बापूसाहेब तडक शंभूरावांच्या दारात गेले. म्हणाले, "उद्यापासून या. आणि बाकीच्यांनाही बोलायला शिकवा."

धन्य तो नट! आणि आपण? ओठ तर आपलेही हलतात, मंडळी. देवाला ऐकू येतं का, हा वाद पंडितांना घालू द्या. तो ओठ वाचतोय, एवढं धरा — आणि आता म्हणा, विठ्ठल!