खडूस काकांचा सकाळचा चहा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय प्राचार्य सर, व्यासपीठावर विराजमान विश्वस्त मंडळी, माजी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षा आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

माझ्याबद्दल आतापर्यंत इतकं गोड बोललं गेलं, की माझीच मला ओळख पटेना. सर, हे कौतुक आधी कानावर आलं असतं, तर आमच्या खोलीतला तो कुरकुरणारा पंखा तरी बदलून मागितला असता. असो.

माझं काम काय होतं? माजी विद्यार्थ्यांना फोन करायचे, विचारपूस करायची, जमलं तर संस्थेसाठी देणगी मागायची. आणि नव्यांना ते शिकवायचं. शिकवायचं म्हणजे तरी कसं? मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचे आणि व्हायचे फोन उचलणारा एक माजी विद्यार्थी, ‘खडूस काका’. हसताय ना? तुमच्यातल्या निम्म्यांना त्यांनी घाम फोडलाय. “कामाचं बोला.” “पुन्हा देणगीच ना?” आणि धाडकन फोन ठेवायचा. मग मी वळून सांगायचे, “अरे, बोललास छान, पण काका बोलता बोलता थांबले, तेव्हा तू का नाही थांबलास? समोरचा गप्प झाला की घाई करू नये. मनातलं त्यानंतर येतं.”

हे काका मी कुठून आणले, ते कुणी कधी विचारलं नाही. आज सांगते. तो माझा थोरला भाऊ. याच कॉलेजचा, मागच्या बाकावरचा. सातासमुद्रापार राहतो, इथे संध्याकाळ झाली की त्याच्याकडे उजाडतं. संस्थेचे फोन त्याला सारखे जायचे, आणि हळूहळू माझाही फोन त्याला त्यातलाच वाटू लागला. गेल्या वर्षी वहिनी गेली. त्यानंतर एकदा फोन केला, तर म्हणाला, “बोला, आज संस्थेचं काय काढलंत?” मला अहो-जाहो करत होता हो. ज्याने मला सायकल शिकवली, तो.

तेव्हापासून तो फोन उचलत नाही. मग मी सरावाला आधीपेक्षा जास्तच बसायचे आणि काका व्हायचे. माझ्याच तोंडून का होईना, तेवढंच त्याचं बोलणं कानावर पडायचं. फार आठवण येते त्याची.

परवा आमच्याकडे नव्याने लागलेली मुलगी सरावाला बसली. सरावासाठी दिलेल्या काकांच्या माहितीत ‘पत्नी गेल्या वर्षी वारल्या’ एवढं मीच लिहिलं होतं. देणगीचं नावच काढलं नाही तिने. म्हणाली, “काका, सकाळचा चहा आता तुम्हीच करता का?” मी गप्प. ती माझीच शिष्या, तीही गप्प. वाट बघत राहिली. आणि मला उत्तर येईना. त्याचं चिडणं मला तोंडपाठ आहे, पण वहिनीच्या माघारी त्याची सकाळ कशी जाते, ते मला ठाऊक नाही.

तर मंडळी, या कार्यक्रमानंतर मी संस्थेची कुणी नाही. वाईट तुम्हालाही वाटतंय, मलाही वाटतंय. पण आता माझा फोन नुसता बहिणीचा असेल. उचलेल का तो? माहीत नाही. उचलला, तर मला एकच विचारायचंय, आणि मग गप्प बसायचंय.

आपण सर्वांनी इतकी वर्षं मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. आणि खाली चहापानाला मी दिसले नाही, तर कृपया रागावू नका. त्याच्याकडे आता उजाडलं असेल.