मुलीऐवजी बी.ए.ला

...नाही, तुम्हीच सांगा, अख्खी तेनाली ज्याच्या हिरव्या मुगाच्या डोशासाठी, पेसरट्टूसाठी, सकाळी रांग लावते, त्या पन्नाशी उलटलेल्या कोटय्यानं वर्गात करंगळी वर करायची? आणि सरांनी विचारायचं, "आत्ताच जाऊन आलात ना?" अहो, साखर आहे मला... पण जाऊ दे. डिग्री ती डिग्री.

झालं काय, आमची हैमावती बारावी झाली आणि म्हणाली, "नान्ना, मी कॉलेजात जाणार नाही, हॉटेलात बसणार." म्हटलं, तुझ्या आत्याचा मुलगा बघ, इंजिनियर झाला. तर म्हणते, "झाला ना, झाल्यापासून घरीच आहे." म्हटलं, नोकरीचं सोड गं, डोक्यात उजेड पडतो, चारचौघांत मान मिळतो, डिग्री ती डिग्री. भाजी निवडता निवडता तिची आई म्हणाली, "एवढं आहे तर तुम्हीच जा की." मायलेकी जी हसल्या... तुम्हाला सांगतो, रागाच्या भरात माणसानं ताट फेकावं, पण बी.ए.ला नाव घालू नये.

पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर पोरं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं सर आले. मागून खरे सर आले, तर कुणी हललं नाही.

पण खोटं कशाला बोलू, इतिहासाच्या तासाला मी तोंड उघडं टाकून ऐकायचो. आमच्या कृष्णेकाठी सातवाहनांचं एवढं राज्य होऊन गेलं, आणि मी आपला जन्मभर इडल्या वाफवत बसलो? घरी येऊन सांगायला लागलो तर हैमावती म्हणाली, "नान्ना, बाजूला व्हा, गिऱ्हाईक आहे." गिऱ्हाईक म्हणजे काय, तिनं शेजारचा गाळासुद्धा घेतला, आणि माझी फी तीच भरायला लागली. असो... डिग्री ती डिग्री.

मग पोरांच्या नादानं दुपारचे सिनेमे सुरू झाले. हजेरी कमी भरली. प्राचार्य म्हणाले, "पालकांना आणा." म्हटलं, ते दोघंही वर गेलेत. "फी कोण भरतं?" मुलगी. "मग तिला आणा."

आली. पिठाच्या हातानंच आली. "सर, घरातून तर वेळेवर निघतात हो." मग माझ्याकडे वळून, "आम्ही चुलीपुढे भाजून घेतो ते यासाठी?" मी फरशी बघतोय. ती म्हणाली, "जमत नसेल तर नाव काढा, सर. भांडी घासायला माणूस हवाच आहे मला."

हल्ली मी पहिल्या बाकावर बसतो.