नखाएवढी जागा, अर्धा सेकंद

अहो, अहो साहेब — असं न्हाई, असं दाबून न्हाई धरायचं! उचला, उचला बोट. बीडहून केजपर्यंत एसटीनं आलात, तिथून जीपच्या मागच्या फळीवर हाडं खिळखिळी करून घेतली, कशासाठी? तर मशीन तपासायला. आन् पहिल्याच झटक्याला तुमी बी अंगठाच टेकवला की! काय झालं? काईच झालं न्हाई. होणारच न्हाई, तीच तर आपली करामत हाय. टिचकी मारा, टिचकी. लेकराच्या गालाला बोट लावल्यासारखं — टेकवलं की उचललं. हां! उघडला का सातबारा? बघा. आता लिहा तुमच्या वहीत — मशीन उत्तम, ऑपरेटर राजेश्वर, शंकरप्पा किराणावाल्याचा मुलगा, लई हुशार. हसू नका, तुमच्या सहीवर माझी जागा पक्की व्हायचीय. न्हाई तर मी हायेच पुन्हा दुकानात साबुदाणा तोलायला.

कावून केलं असं म्हणता? बसा, सांगतो. त्या खुर्चीवर नका, तिचा पाय मोडकाय. तर — दोन हजार तीनच्या जानेवारीत हा बोटानं चालणारा पडद्याचा डबा तहसीलच्या व्हरांड्यात बसवला. उद्घाटनाला मोहनराव, म्हंजे आमचे पुढारी. नारळ फोडला, ते ठीक. मग काचेवर कुंकू लावलं, ते बी ठीक. तेवढ्यात आमच्या लिंगायतांतल्याच एका आजोबांनी तीन बोटं विभूतीत बुडवली आन् पडद्यावर ओढली ना — डावीकडून उजवीकडं! सातबाऱ्याची खिडकी गेली सरकून आन् मागून हुकूम टाइप करायचं काळं पान उघडं पडलं. आत लिनक्स हाय ना, मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम. लई सरळ गडी — सांगाल तेवढंच करतो, पण चुकून सांगितलं तरी करतोच. मोहनरावांना वाटलं कार्यक्रमच हाय तो. टाळ्या वाजवल्या की हो माणसानं!

विभूतीचं एक दिवसाचं होतं, अंगठ्याचं रोजचं. आमच्याकडं सरकारी काम म्हटलं की आधी अंगठा पुढं येतो. तलाठ्यांनी शिकवलंय तसं — शाईत बुडवा, टेकवा, दाबा, जरा फिरवा, आन् मी म्हणेपर्यंत उचलू नका. पन्नास वर्षं शिकवलंय! लोक तेच करायचे इथं. दाबून धरलं की मशीनला वाटायचं माऊसचं उजवं बटण दाबलं, मग यादी उघडायची. फिरवलं की त्या यादीतलं कायतरी निवडलं जायचं. म्हाळूनं तर एका अंगठ्यात अख्खं मशीन बंद केलं आन् मलाच म्हणतो, माझी जमीन गेली का रे? दिवसातून आठ येळा मी पळत यायचो. भाकर ताटात, मी तहसीलात. हे काय जगणं हाय व्हय?

मग बसलो एक दिवस आन् लिहिला प्रोग्राम. छोटाच हाय. बोट टेकलं आन् अर्ध्या सेकंदात उठलं, नखाएवढ्या जागेच्या बाहेर गेलं न्हाई — तरच ती टिचकी. बाकी सगळं सोडून द्यायचं. दाबा, फिरवा, घासा, डोकं आपटा — मशीन ढिम्म. त्या दिवसापासून एकदा बंद पडलं न्हाई बघा. लोकच शिकतात आता. न्हाई आलं तर हाक मारतात — राजूभाऊ, जरा टिचकी मारून द्या! मी जातो, मारतो. सरपंच असू द्या न्हाई तर मास्तर, लायनीत उभं राहून माझ्या बोटाकडं बघतात.

काय म्हणता? — बोट पहिल्यांदा जिथं टेकलं तेवढंच धरायचं, पुढचं दाबणं-फिरवणं सोडून द्यायचं? हां... ते बी करता येतं. मग अंगठा बी चालंल, सगळंच चालंल. न्हाई, लई अवघड न्हाई. एका ओळीचं काम हाय. माहीत न्हवतं असं न्हाई — माहीत होतं की. पहिल्या दिवसापासून. थांबा, पाणी पितो जरा.

आता तुमीच सांगा साहेब, सगळ्यांनाच जमलं तर ऑपरेटर कशाला पाहिजे? आँ? हे लिहू नका. वही मिटा बरं जरा. हे मी आपलं घरातलं म्हणून बोललो.

सोमवारी अप्पा आलते. माझे वडील. मला सांगितलं न्हाई, लायनीत उभे राहिले, डोक्यावर टोपी, धुतलेलं धोतर. स्वतःचा सातबारा स्वतःच्या बोटानं बघायचा होता. अप्पांचा हात थरथरतो हो, दोन वर्षं झाली. ह्याच हातानं चहापत्तीची पुडी अशी बांधायचे — दोऱ्याचे दोन वेढे, एक झटका, की गिऱ्हाइकाच्या हातात. आता बोट टेकलं की नाचतंय. अर्धा सेकंद? नखाएवढी जागा? सात येळा टेकवलं त्यांनी. मी मोजलं. मशीन ढिम्म. मी म्हटलं, मी मारतो टिचकी. तर म्हणाले, जमीन माझी हाय, बोट माझंच पाहिजे. मागून शहादेव चहावाला वरडला — ए राजा, म्हाताऱ्याला हलव बे! लोक हसले. आन् मी — मी काय म्हटलं माहीत हाय? म्हटलं, बाबा, बाजूला व्हा, पुढच्याला येऊ द्या. अप्पा न्हाई म्हटलं. बाबा म्हटलं. लायनीतल्या कुण्या परक्याला म्हणावं तसं. लाज वाटली मला, साहेब. त्यांची. सख्ख्या बापाची.

टोपी सारखी केली. गेले. काल आई सांगत होती — दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानात बिस्किटाच्या बरणीसमोर बसतात आन् काचेवर बोट टेकवतात, उचलतात, टेकवतात, उचलतात. तिनं विचारलं, हे काय? तर म्हणाले, शिकतोय. पोरानं केलेलं मशीन हाय, आपल्याला यायला पाहिजे.

सरका. सरका हो जरा, तो कीबोर्ड द्या इकडं. नियम? तपासणी चालू असताना हात लावायचा न्हाई? लावू द्या, मीच लावतोय ना. ही बघा ती ओळ. अर्धा सेकंद — काढला. नखाएवढी जागा — काढली. पहिल्यांदा टेकलं तेवढंच धरायचं — घातलं. झालं. टेका आता अंगठा. घट्ट टेका. दाबा, फिरवा तलाठ्यापुढं फिरवल्यासारखा... उघडला ना? उघडणारच. काढा वही, लिहा काय लिहायचं ते. ऑपरेटरची गरज न्हाई, हे बी लिहा.

बास, उठा आता. मला दुकानावर जायचंय, अप्पांना आणायला. डब्याला कुलूप नका लावू, साहेब — मशीन चालूच राहू द्या.